सरांनी आणलेली दोन गाठोडी

जपानमध्ये देऊळ कसं बघावं हे मला कुणीही विचारावं. दारातल्या हौदावर लाकडी पळी आधी उजव्या हातात धरायची, डाव्या हातावर पाणी घालायचं, मग हात बदलून उजव्यावर. डाव्या ओंजळीत थोडं पाणी घेऊन चूळ भरायची आणि शेवटी पळी उभी धरून उरलेल्या पाण्यानं तिचा दांडा धुवायचा, म्हणजे मागून येणाऱ्याला स्वच्छ दांडा मिळतो. पळीला तोंड लावायचं नाही. तिथल्या प्रत्येक देवळात काळ्या शाईनं देवळाचं नाव लिहून वर लाल शिक्का मारून देतात आणि त्यासाठी घडीची एक वही मिळते. नऊ वर्षांत माझ्या अशा तीन वह्या भरल्या. क्योटो झालं, नारा झालं, समुद्राकाठची झाली, डोंगरातली झाली. सुट्टीवर आलो आणि भालकीच्या बसस्टँडवर कुणी ओळखीचं भेटलं की मी मोबाइल काढून त्या वह्यांच्या पानांचे फोटो दाखवतो. फक्त एका देवळाचं पान आलं की बोट भरभर फिरवून पुढं जातो. त्या पानाबद्दल आजवर मी आपण होऊन कुणाला काही सांगितलेलं नाही.

नागोयाजवळ गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी तपासनीस आहे. पुढ्यात येणाऱ्या प्रत्येक नगात खोट शोधायची, हेच माझं काम. आठ तास खोट काढणाऱ्या माणसाला कामावरून सुटल्यावरही दुसरं काही दिसत नाही. बेसिनचा नळ, शेजाऱ्याची सायकल, वाढप्याचा हात, सगळ्यांत मला काहीतरी चुकलेलं दिसतं. माणसं मला खडूस म्हणतात आणि ते बरोबरच आहे.

आमच्या शहराच्या कचेरीतर्फे परदेशी रहिवाशांसाठी महिन्यातल्या एका रविवारी ऐतिहासिक ठिकाणांची सहल निघायची. ती काढणारे सर म्हणजे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. सत्तरी ओलांडलेले, काटक, आणि इतके शिस्तीचे की गाडी एक मिनिट उशिरा आली तर तेच आमची माफी मागायचे. त्यांचा मी लाडका विद्यार्थी. बाकीचे लोक फोटो काढायला यायचे, मी वही घेऊन जायचो. कुठलं लाकूड, कुठला कारागीर, छताला खिळा का नाही, सगळं लिहून घ्यायचो. सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "हे आमच्या मुलांपेक्षा जास्त जपानी आहेत." त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस जगलो. पुढं त्यांच्या मनात मला मार्गदर्शक करायचं आलं. दंडाला हिरवी पट्टी बांधून परदेशी पाहुण्यांना देवळं दाखवायची. त्यांच्या मार्गदर्शकांच्या गटात तोवर एकही परदेशी माणूस नव्हता. मला ती पट्टी हवी होती. किती हवी होती हे आज लिहितानाही अवघड वाटतं.

सरांच्याच सांगण्यावरून मी एकदा जपानीत भाषण केलं होतं. परदेशी लोकांची स्पर्धा होती आणि माझा विषय होता, माझी अक्का.

अक्का माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, आणि त्याच वर्षी नवरा गेल्यामुळं अक्का सासरहून कायमची बीदरकडच्या आमच्या गावी, मुडबीला परत आली. अप्पा शेतात आणि मी अक्काच्या कडेवर. मी पुढच्या शिक्षणाला बसवकल्याणला खोली घेऊन राहिलो तेव्हा रोज सकाळच्या बसनं अक्काचा डबा यायचा. कंडक्टर तो ड्रायव्हरच्या मागं ठेवायचा आणि मी स्टँडवरून उचलायचो. डब्याच्या झाकणावर तिनं खिळ्यानं माझं नाव कोरलं होतं, तेही कन्नड अक्षरांत, कारण ती गावच्या कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. शनिवारच्या बसनं माझे मळके कपडे पिशवीतून मुडबीला जायचे आणि सोमवारी धुऊन, घड्या घालून परत यायचे. सहा वर्षं हे चाललं. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

भाषणात मी डबा सांगितला, खिळा सांगितला नाही. तिचा करारीपणा सांगितला, मळक्या कपड्यांची पिशवी गाळली. चौथी गाळली. खोटं एक अक्षर बोललो नाही, फक्त निवडून निवडून बोललो. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं कुणी उंच, शिकलेली, मोठ्या घरची बाई उभी राहिली असणार. मला दुसरं बक्षीस मिळालं आणि सर चष्मा पुसत म्हणाले, "आयुष्यात एकदा अशा बाईंना भेटायला हवं."

दोन वर्षांनी अक्का खरोखरच आली. मी काय खातो आणि कुठं झोपतो ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं तिला. नोव्हेंबरचे तीन आठवडे ती माझ्या दीड खोलीत राहिली. पहाटे अंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायची, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढायची, आणि मग माझ्या कपाटातल्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालायची. "घड्या घालायला बी ईना तुला," म्हणायची.

त्या महिन्याच्या रविवारी सहल होती आणि अक्काला घरी ठेवून जाणं शक्य नव्हतं. स्टेशनवर आमचा वीसेक जणांचा घोळका उभा होता. अक्काच्या अंगावर इरकल साडी, पायात माझे जुने बूट, वर माझंच कारखान्याचं निळं जाकीट, काखेत भाकरीची पिशवी. गाडीला वेळ होता म्हणून ती प्लॅटफॉर्मवर खाली टेकली, आणि तेवढ्या चकचकीत फरशीवर टेकणारं त्या स्टेशनात दुसरं कुणी नव्हतं. सर आले, वाकले. मी म्हणालो, "या भारतातून आल्यात. माझ्या गावच्या." त्याच्यापुढचा शब्द मी बोललो नाही. जपानी माणूस आपण होऊन विचारत नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

डोंगरातल्या जुन्या रस्त्यावर प्रवाशांच्या मुक्कामाचं एक गाव आहे, तिथं आम्ही गेलो. दोन्ही बाजूंना काळ्या लाकडाच्या सराया, वळचणीला दोरीनं बांधून सुकवलेली नारिंगी फळं. एका सराईच्या दारात लाकडी घंगाळ ठेवलं होतं. सरांनी सांगितलं की पूर्वी माणसं दिवसभर गवती चपला घालून चालत, आणि संध्याकाळी दारात आली की सराईतल्या मोलकरणी या घंगाळात त्यांचे पाय धूत. मग आत घेत.

"काय म्हणायलेत?" अक्कानं विचारलं.

"पाव्हण्याचे पाय धुवायचे म्हणे इथं."

"मग? चांगलंच हाय की. आपल्यात बी धुतेत," अक्का म्हणाली आणि त्या घंगाळाला हात लावून बघितला. ते शिसवी आहे की काय अशी चौकशी केली. हात लावायला मनाई असल्याची पाटी होती. मी तिचा हात ओढून घेतला.

गावाच्या वरच्या अंगाला देऊळ होतं. पायऱ्या चढून आम्ही हौदापाशी जमलो आणि पळी कशी धरायची हे नवीन लोकांना दाखवायचं काम सरांनी मला दिलं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी दाखवत असतानाच खालून एक म्हातारे भिक्षू वर आले. डोक्यावर गवताची टोपी, खांद्याला झोळी, हातात भिक्षेचं भांडं, पायात गवती चपला आणि घोट्यापर्यंत चिखल. गावात भिक्षा मागून ते परत येत होते.

आमच्यात घरी अय्या आले, म्हणजे मठाचे स्वामी किंवा झोळी घेऊन फिरणारे जंगम, की त्यांना पाटावर बसवून ताटात त्यांचे पाय धुतात आणि ते पाणी तीर्थ म्हणून घेतात. लहानपणी मीही ते अक्काच्या ओंजळीतून घेतलंय. ऐकणाऱ्याला किळस वाटेल म्हणून जपानात मी ही गोष्ट कधी कुणाजवळ काढली नव्हती.

अक्कानं झोळी बघितली. "अय्या आले की रे," एवढं म्हणाली, माझ्या हातातली पळी घेतली, हौदात बुडवली आणि त्या भिक्षूंच्या पुढं जाऊन खाली बसली. एक पळी उजव्या पायावर, एक डाव्यावर. दुसऱ्या हातानं चिखल चोळून काढला. मग तिसऱ्या पळीचं पाणी त्यांच्या अंगठ्यावरून ओंजळीत धरलं, डोळ्यांना लावलं, प्यायली आणि उरलेलं डोक्यावर घेतलं.

भिक्षू हलले नाहीत. डोळे मिटून उभे राहिले आणि ती उठल्यावर तिच्यापुढं कमरेत वाकले. त्या अंगणात न लाजलेली तेवढी दोनच माणसं होती. बाकीच्यांचे मोबाइल बाहेर निघाले होते. कुणीतरी "अगं बाई" अशा अर्थाचं काहीतरी आपल्या भाषेत म्हणालं. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. चूळ भरायची पळी, पायाला! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सर माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "क्षमा करा, या तुमच्या घरातल्या आहेत का?"

सकाळचं घंगाळ डोक्यात होतंच. मी म्हणालो, "नाही, नाही. आमच्या गावच्या घरी कामाला असतात. पाहुण्यांचे पाय धुवायची सवय आहे त्यांना."

इतकं सफाईदार जपानी मी भाषणातही बोललो नव्हतो.

सरांचा चेहरा निवळला. "असं होय," म्हणाले. मग इतरांकडं वळून त्यांनी त्यांच्या प्रेमळ आवाजात समजावलं की मघाशी आपण सराईत जे ऐकलं ते भारतात अजून जिवंत आहे, आणि या सेविकेमुळं आपल्याला ते आज बघायला मिळालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कानं टाळ्या ऐकून माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणायलेत सर?"

"तुझं कौतुक करायलेत," मी म्हणालो.

तिचा चेहरा फुलला. तिनं सरांना हात जोडले. त्या देवळाचं पान माझ्या वहीत त्या भिक्षूंनी स्वतः लिहून दिलं, ओल्या पायांनीच बसून. पुढच्या महिन्यात मला हिरवी पट्टी मिळाली. आणि मुडबीत परत गेल्यावर अक्कानं घरोघर सांगितलं की जपानच्या म्हाताऱ्या सरांनी वीस माणसांसमोर तिचं कौतुक केलं. पुढं आमच्या भावकीत सगळे तेच सांगायचे. मी सुट्टीला गेलो की लोक मला विचारायचे, व्हय रे, खरंच टाळ्या वाजिवले का? आणि मी व्हय म्हणायचो.

सरांना मी पट्टी बांधून पुढं दोन वर्षं भेटत होतो. सांगायचं असतं तर रविवार काय कमी होते? पण प्रत्येक रविवारी वाटायचं, ते विसरले असतील. चोराच्या मनात चांदणं. मग एक दिवस सर म्हणाले की तुम्हाला मी माझी देवळं दाखवली, आता मरायच्या आधी मला तुमचं गाव बघायचंय. मी पाण्याचं कारण सांगितलं, तिखटाचं सांगितलं, रस्त्याचं सांगितलं. सर म्हणाले, "मी भात आणि दही खाईन."

डिसेंबरात आम्ही निघालो. विमानतळावर सरांच्या हातात कापडात बांधलेली दोन गाठोडी होती. तिकडं भेटवस्तू चौकोनी रुमालात बांधून देतात. एक निळ्या सुती रुमालात, एक जांभळ्या रेशमी. एक माझ्यासाठी असेल असं मला वाटलं. विमानात सर माझ्या शेजारी कितीतरी तास बसून होते. मी सिनेमा बघितला.

बीदरचा किल्ला झाला, बसवकल्याणचा झाला. तिथं माझी वेगळीच शोभा झाली. सर विचारायचे, ही कमान कुणी बांधली, हा दगड कुठला, हे अक्षर काय आहे? आणि मी पाटी शोधत फिरायचो. सहा वर्षं त्या बसवकल्याणात राहिलो, पण डबा उचलायला स्टँडवर जायचो, किल्ल्यात कधी पाय ठेवला नव्हता. क्योटोच्या देवळांच्या कौलांवर मी तासभर बोललो असतो.  सरांनी वहीत जागा कोरी सोडली, मी नंतर सांगेन म्हणून.

मला त्यांना बीदरच्या हॉटेलातच ठेवून परस्पर परत न्यायचं होतं. पण येळवस आली होती, आणि येळवसेला आमच्याकडं पाहुणा हॉटेलात जेवत नाही. त्या अमावस्येला सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून तिच्यात पाच पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडायचे, पूजा करायची, आणि दिसेल त्याला ओढून आणून हिरव्या दाण्यांची नि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे आणि गाडग्यातली आंबील वाढायची. अक्कानं फोनवर एकच वाक्य सांगितलं. "सरांना घिऊन ये. न्हाईतर तू बी यिऊ नको."

आम्ही बांधावर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. हरभरा घाट्यावर आला होता. अक्का तांब्या घेऊन पुढं आली आणि कुणाही पाहुण्याला देतात तसं सरांच्या पायांवर पाणी घातलं. देवळातल्या त्या पाण्याची आठवण मला लगेच आली. सरांनाही आली असणार. त्यांनी तिला ओळखलं, हसून वाकले, मग माझ्याकडं बघून मान हलवली. 'हो, तुम्ही सांगितलं होतं' असं ते मान हलवणं होतं.

चटईवर बसल्यावर सरांनी निळं गाठोडं सोडलं. आत पांढरा शुभ्र, लांब बाह्यांचा, मागं बांधायचा जपानी एप्रन होता. तो दोन्ही हातांनी अक्काला देऊन ते म्हणाले, "इतकी वर्षं एका घराची सेवा करणं सोपं नाही. हातांची काळजी घ्या."

"काय म्हणायलेत?"

"सैपाक करताना घाल म्हणायलेत. साडी खराब हुणार न्हाई."

"अगं माय," अक्का म्हणाली, आणि तिथंच इरकल साडीवर तो एप्रन चढवला. चुलतभावाच्या बायकोकडून मागच्या नाड्या बांधून घेतल्या. सगळ्यांना वळून वळून दाखवला. आणि तो पांढरा एप्रन घालून ती वाढायला लागली. सराईतली मोलकरीण दिसावी तशी हुबेहूब दिसत होती ती, आणि आनंदानं तिला काही सुचत नव्हतं. मी पत्रावळीकडं बघत बसलो.

वाढून झालं. आमच्यात पाहुण्यानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी घेत नाही. सरांनी पत्रावळ बघितली, हात जोडले, पण घास घेतला नाही. जांभळं गाठोडं त्यांच्या मांडीवर तसंच होतं. आजूबाजूला बघून त्यांनी मला विचारलं, "तुमच्या भगिनी अजून आल्या नाहीत?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"भाषणातल्या," सर म्हणाले. "घरच्या मालकीणबाईंच्या आधी मी कसा जेवू? मी थांबतो. मला घाई नाही."

भज्जीवरची वाफ कमी व्हायला लागली. चुलतभाऊ हात धुऊन बसला होता. शेजारच्या शेतातली चार माणसं आली होती, तीही पत्रावळीपुढं हात बांधून बसली. अक्का पळी घेऊन उभी.

"कामून जेवंनात सर? तिकट लागंल म्हणून का?"

"न्हाई."

"मग काय म्हणायलेत? सांगायलास का न्हाई?"

त्या दोघांच्या मध्ये एकटा मीच होतो. एकाचं दुसऱ्याला कळायचं तर माझ्याच तोंडातून कळणार. तोवर मी याच गोष्टीच्या जोरावर सुटत आलो होतो. अजूनही एक खोटं सुचत होतं मला, खोटं कसलं, चांगली तीन-चार सुचत होती. अक्का आजारी आहे, अक्का परगावी गेलीय. पण ती एप्रन घालून माझ्यापुढं उभी होती आणि अन्न गार होत होतं.

मी सांगितलं. मराठीत, सगळ्यांसमोर, खाली बघून. की त्या दिवशी देवळात सरांनी विचारलं होतं ही कोण, आणि मी सांगितलं होतं, आमच्या घरची कामाची बाई. कौतुक वगैरे मी बनवलेलं. हा एप्रन कामाच्या बाईला आणलाय. आणि ते रेशमी गाठोडं माझ्या अक्काला आणलंय, तिची वाट बघत सर थांबलेत.

 चुलतभावानं मान फिरवली. गावभर सांगितलेल्या त्या टाळ्या सगळ्यांनाच आठवल्या असणार. मला वाटलं होतं, अक्का एप्रन काढून फेकेल, किंवा रडेल, किंवा मला पळी फेकून मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

तिनं पळी भज्जीच्या पातेल्यात ठेवली. एप्रनवर पडलेला एक डाग बोटानं पुसला.

"कामाची बाई म्हणलास," ती म्हणाली. "बरं. मग खोटं काय बोललास? सहा वरसं तुझे कपडे कोण धुतलं? सांग त्येन्ला, ती बी मीच, अन् अक्का बी मीच. दोन्ही गाठोडे माझेच हायत म्हणून सांग."

मी जपानीत सांगितलं. एका वाक्यात झालं. दोन वर्षं न जमलेलं वाक्य फार मोठं नव्हतं.

सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. चटईवरून उठून ते काळ्या मातीत गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात पुढं टेकले आणि कपाळ जमिनीला लावून अक्काची माफी मागितली. आपण अज्ञानानं एका ज्येष्ठ भगिनीला सेविकेची भेट दिली, देवळात परक्या लोकांसमोर तिला सेविका म्हटलं, हा आपला अक्षम्य अपराध आहे, असं बरंच काही. त्यांचा काडीचा दोष नव्हता. माफी माझी होती, मागत ते होते, आणि मी शेजारी उभा राहून तिचं भाषांतर करत होतो.

अक्का घाईनं पुढं झाली, त्यांना दंडाला धरून उठवलं. त्यांच्या कपाळाची माती पदरानं पुसली. मग माझ्याकडं वळली.

"त्येन्ला कामून माफी मागायला लावलास?" ती म्हणाली. "तुला तोंड न्हाई का?"

मी उभाच राहिलो. ती थोडा वेळ थांबली, खरंच थांबली, हे मला पक्कं आठवतंय. मग सरांना म्हणाली, "बसा सर, जेवा. आंबील गोड हाय," आणि वाढायला वळली. सर जेवले. दोनदा आंबील मागून घेतली. जांभळ्या गाठोड्यातली रेशमी शाल अक्कानं एप्रनवरूनच खांद्यावर टाकली आणि तशीच सगळ्यांना वाढत राहिली. मलाही वाढलं. भरपूर वाढलं, नेहमीसारखंच.

जपानला परतल्यावर मी हिरवी पट्टी सरांना नेऊन दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कारण विचारलं नाही. दर नवीन वर्षाला त्यांचं एक कार्ड मुडबीला जातं, अक्काच्या नावानं. ती ते पांडवांच्या दगडांजवळ ठेवते. येळवसेला एप्रन घालते. मला दर रविवारी फोन करून काय जेवलास ते विचारते, आणि त्या दिवसाबद्दल एक शब्द काढत नाही. मीही काढत नाही. दर रविवारी फोन हातात घेताना ठरवतो, की आज. मग भाजी काय केली ते सांगतो आणि ठेवून देतो.

म्हणून हे सगळं लिहून काढलं. मनातलं एकदाचं बाहेर पडलं, असं म्हणून घटकाभर बरंही वाटलं. मग ध्यानात आलं, की अक्का चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकली. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. आणि मी हे मराठीत लिहिलंय.